मार्शलचाही सत्कार सभागृहात व्हावा

महोदय,

विधानमंडळाच्या सुरक्षा सेवेत उमेदीची सगळी वर्षं घालवलेले आमच्या पेठेतले एक गृहस्थ या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. तालमीच्या पोरांनी त्यांचा सत्कार ठरवलाय, ही बातमी ऐकून बरं वाटलं. कोल्हापुरात सत्कारांना तोटा नाही. निवडून आलेल्याचा होतो, पडलेल्याचाही 'लढला' म्हणून होतो. सभागृहाच्या दारात उभं राहणाऱ्याचा मात्र मी पहिल्यांदाच ऐकतोय.

मार्शल आपल्याला टीव्हीवर दिसतो तो गोंधळ घालणाऱ्या सदस्याला बाहेर काढताना. त्यामुळे अंगात रग असली की झालं, असा समज आहे. हे गृहस्थ सांगतात, रग कमी आणि कान जास्त लागतात. सदस्य वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरोत, कागद भिरकावोत, आसनावरून, म्हणजे अध्यक्षांकडून आदेश आल्याशिवाय मार्शलने कुणाला बाहेर काढायचं नाही. आदेश आला की थांबायचं नाही. त्यातही दंड पिरगाळायचा नाही, कॉलर धरायची नाही. काखेखालून हात द्यायचा, साहेबांचा चष्मा पडत नाही ना ते बघायचं आणि "चला साहेब" याउपर शब्द काढायचा नाही. तेच साहेब पुढे मंत्री होऊन समोरून आले, तर नमस्कार आधीसारखाच.

मला स्वतःला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त अवघड वाटते. आपल्याकडे माणूस भेटला की आधी त्याचा गट विचारतात. गोकुळ दूध संघ असो, साखर कारखाना असो की महापालिका, बिनगटाचा माणूस म्हणजे संशयितच! यांनी नोकरीभर कुठलाच गट धरला नाही. "दारात आपलाच माणूस आहे की" म्हणत इकडून गेलेल्या कार्यकर्त्यांना त्यांनी पासाच्या रांगेत उभं केलं. भावकीतले दोघे-तिघे त्यावरून अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत. जुलै 2025 मध्ये विधानभवनाच्या लॉबीतच दोन आमदारांच्या समर्थकांत हाणामारी झाली, तेव्हा ती रांग कशासाठी असते हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

हे काम साध्या पोलिस बंदोबस्तापेक्षा वेगळं आहे आणि त्याला इतिहास आहे. 1929 मध्ये भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात बॉम्ब टाकले. त्यानंतर तिथले अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी सभागृहाचा स्वतंत्र पहारा उभा करायला लावला. सभागृहाच्या आतला ताबा इंग्रज सरकारच्या पोलिसांकडे द्यायला ते तयार नव्हते. दारावरचा माणूस सभागृहाचा हवा, सरकारचा नको, हा त्यांचा आग्रह मला आजही बिनतोड वाटतो. 13 डिसेंबर 2001 च्या संसदेवरच्या हल्ल्यात जगदीशप्रसाद यादव आणि मातबरसिंग नेगी हे संसदेचे स्वतःचे सुरक्षा कर्मचारी मारले गेले. दोघांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पण जिवंतपणी, धडधाकट निवृत्त होणाऱ्याला काय?

घरच्यांनी काय सोसलं हे मी सांगायला नको. पावसाळी अधिवेशन म्हणजे इकडे भाताच्या रोपलावणीचे दिवस, अर्थसंकल्पी अधिवेशन म्हणजे पोरांच्या परीक्षा. हिवाळ्यात सगळा बाडबिस्तरा नागपूरला. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरायचं आणि रात्री त्याच गाडीने परत, अशी त्यांची कित्येक लग्नकार्यं झाली.

माझी मागणी साधी आहे. दोन्ही सभागृहांत शोकप्रस्ताव आणि अभिनंदनाचे प्रस्ताव होतात. त्याच रीतीने, निवृत्त होणाऱ्या सुरक्षा कर्मचाऱ्यांची नावं अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी आसनावरून वाचली जावीत आणि कामकाजात नोंदली जावीत. त्याला ना निधी लागतो, ना नवा कायदा. आपल्या जिल्ह्यातून विधानसभेवर दहा आमदार जातात. त्यातल्या एकाने अध्यक्षांना पत्र दिलं तरी पुष्कळ झालं.

आणि तालमीच्या पोरांना एक विनंती. फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो टाकू नका. टाकायचेच झाले तर सगळ्या पक्षांचे टाका, आणि सगळे एकाच मापाचे.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर