ती एक चिठ्ठी न काढणाऱ्या बाईंना

बाई, सप्रेम नमस्कार.

समोर आलात की माझ्या तोंडून धड शब्द फुटत नाही, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

आमचा धाकटा चौथीत. वाचायला दिलं की घडाघडा वाचतो आणि काय वाचलंस विचारलं की छताकडे बघतो. आधीच्या शिकवणीत वर्षभर फी भरली. तिथं उत्तराखाली पेन्सिलीनं रेघ मारून द्यायचे आणि तेच दहा वेळा लिहून घ्यायचे. शेवटी मलाच ऐकवलं, "ह्याच्या डोक्यात शिरतच नाही हो." तेही पोरासमोर! असो. (असो म्हटलं, पण गेलेलं नाही ते मनातून.)

दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही वर्गभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. वसुबारस, उटणं, किल्ला, आकाशकंदील. गोष्टी नव्हेत, निव्वळ माहिती. प्रश्नांचा कागद घेऊन उत्तरं हुडकत हिंडायचं. घरी आल्यावर म्हणाला, "आई, गोष्टीत पुढचं ओळखता येतं, इथं अंदाज चालत नाही. चित्राखालची बारीक ओळपण वाचायला लागते." गल्लीत मातीचा किल्ला करणाऱ्या थोरल्या पोरांना यानंच ऐकवलं, की २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या आपल्या १२ किल्ल्यांतला जिंजी तमिळनाडूत आहे.

पण माझा जीव अडकलाय तो एका चिठ्ठीत. उटण्यावरून हळद, हळदीवरून आपल्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेली खोल कोठारं. प्रश्न असा, की पेव उघडल्या उघडल्या आत का उतरत नाहीत? घंटा झाली तेव्हा याचं तेवढंच राहिलं होतं. बाकीची दप्तरं उचलून पळाली. तुम्ही उत्तर सांगून मोकळ्या झाला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. तुम्ही सगळ्या चिठ्ठ्या काढल्यात, ती ठेवलीत आणि तिच्यावर लिहिलंत, "काढू नये. एकाचं वाचायचं राहिलंय."

पोराला कुणी मठ्ठ म्हटलं नाही, बिचारा म्हटलं नाही. राहिलंय, एवढंच. मोठ्या मनाची माणसं अशी न बोलता काम करून जातात, आणि आपण मात्र मोठ्या पाट्या बघून फी भरतो.

सुट्टीभर त्याच्या डोक्यात पेव. पहिल्या आंघोळीला उटणं लावता लावता आजोबांना विचारलं. त्यांची उमर हळदीची पोती वाहण्यात गेलेली. म्हणाले, "आदी कंदील सोडायचा. इझला तर उतरायचं न्हाई." का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. "तुज्या बाईंच्या चिठ्ठीत बघ," म्हणाले.

शाळा उघडली त्या दिवशी प्रार्थनेआधीच हा वर्गात. चिठ्ठी होती, एक कोपरा सुटलेला. दोनदा वाचली म्हणे. बंद पेवात हवा कोंडते, प्राणवायू कमी पडतो, म्हणून तोंड उघडून थांबतात. मग त्यानं कंदिलाचं सांगितलं, जे चिठ्ठीत नव्हतं. तुम्ही पेन्सिल त्याच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "लिही खाली."

आता ती चिठ्ठी आमच्या देवघराशेजारी आहे. आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायला लावतात.

चकल्यांचा डबा पाठवलाय. थोड्या मऊ पडल्यात, सांभाळून घ्या. डबा परत द्यायची घाई नाही.

तुमच्या वर्गातल्या एकाची आई,
सांगली