नातवाचं इंग्रजी नाव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. आजोबा झालास, अभिनंदन! जावयाने पाठवलेली यादी पाहिली. नावं चांगली आहेत, पण शेजारी दिलेल्या अर्थांवर फार विसंबू नकोस.

एडवर्ड म्हणजे 'श्रीमंत रक्षक' असं त्यात आहे. जुन्या इंग्रजीत पहिला तुकडा संपत्तीचा, दुसरा राखणदाराचा, हे खरं. पण त्याचा समास सोडवत बसायचं नसतं. तेव्हाचे इंग्रज लोक घरातल्या नावांचे तुकडे उचलून नवं नाव जोडत. 1095 मध्ये वारलेला वुस्टरचा बिशप वुल्फस्टन घे. वडील एथेलस्टन, आई वुल्फगिफू. आईकडून 'वुल्फ' म्हणजे लांडगा आला, बापाकडून 'स्टन' म्हणजे दगड. अर्थ लावायला गेलास तर लांडगा-दगडच हाती लागेल! आपल्याकडे बंगल्याच्या पाटीवर नवरा-बायकोची नावं जोडतात, तसंच हे.

1066 मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडचे नॉर्मन लोक इंग्लंड जिंकून आले आणि अशी बहुतेक नावं मागे पडली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री ही त्यांनी आणलेली. एडवर्ड तरला तो संत मानल्या गेलेल्या एडवर्ड राजामुळे. इंग्लंडचा पुढचा एक राजा, तिसरा हेन्री, याची त्याच्यावर भक्ती होती, म्हणून 1239 मध्ये जन्मलेल्या थोरल्या मुलाला त्याने तेच नाव दिलं.

यादीत हेन्री आणि हॅरी वेगवेगळे लिहिलेत, पण मूळ एकच. जॅक हा जॉनचा, जेम्सचा नव्हे. विलचा बिल, रॉबचा बॉब, रिकचा डिक हे यमकाने झाले. मात्र जन्माच्या दाखल्यावर 'हॅरी' लिहिलं की पासपोर्टवरही हॅरीच येणार. म्हणून दाखल्यावर हेन्री आणि घरात हॅरी, हे मला जास्त सोयीचं वाटतं.

जॉन हिब्रू, 'देव कृपाळू'. गोव्यातला जुआंव तोच. थॉमस म्हणजे अरामी भाषेत 'जुळा', पण एकट्या पोराचंही ठेवतात. जॉर्ज ग्रीक, अर्थ शेतकरी. तुला हाच आवडेल.

दोन्ही घरांना चालेल असं हवं असेल तर नील बघ. त्यांचा नील आयरिश नावावरून आलेला, आपला संस्कृतातला. नातं काही नाही, उच्चार मात्र जुळतो.

इंग्लंडमध्ये जन्माची नोंद 42 दिवसांत करावी लागते. नाव बदलावंसं वाटलं तर नोंदीनंतर 12 महिन्यांपर्यंत सोय आहे, पण लेकीला आधीच ठरवायला सांग.

तुझा,
विनायक