बेसिनखालची गळती आणि वरवरचे लेप

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

न्हाणीघरातील बेसिनखाली पाणी ठिबकू लागले की जोडावर घट्ट होणारा लेप थापायचा किंवा नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची, हा सर्रास आढळणारा प्रकार चुकीचा आहे. ट्रॅपच्या, म्हणजे बेसिनखालच्या पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या नळीच्या, या जोडांमध्ये पाणी अडते ते आट्यांमुळे नव्हे, तर नटाखाली दाबल्या जाणाऱ्या वॉशरमुळे. आणि हा वॉशर कालांतराने कडक होऊन भेगाळला असेल, तर नट कितीही आवळला तरी गळती थांबत नाही, उलट प्लास्टिकचा नट मात्र तडकतो.

नेमका दोष शोधण्यासाठी सर्व जोड कोरडे पुसावेत, बेसिन भरून पाणी एकदम सोडावे आणि कोरडा कागद वरच्या जोडापासून खाली लावत जावे, कारण वरचे पाणी ओघळून खालच्या जोडावर दिसते व निर्दोष जोड उगाच उघडला जातो.

जुन्या पितळी ट्रॅपची गोष्ट वेगळी. बाहेरचा क्रोमचा मुलामा चकचकीत असला तरी धातू आतून झिजलेला असू शकतो. वाकणाच्या तळाशी हिरवट डाग दिसल्यास ट्रॅपच बदलावा. भिंतीतील गंजलेल्या लोखंडी नळीला दुसऱ्या पान्याने आधार दिल्याशिवाय हात लावू नये.

ट्रॅप काढून थेट सरळ लवचीक नळी जोडण्याची पद्धत तर मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. गळती थांबते खरी. पण गटारातील वायू अडवणारा सुमारे ५० मिलिमीटरचा पाण्याचा अडसरच त्यामुळे नाहीसा होतो.

आपला,
एक वाचक