ब्लूजपासून दोन पावलं

सातारा,
रविवार, पहाट

प्रिय दिल्या,

परवा फोनवर म्हणालास, "काय रे, अजून तेच रडगाणं ऐकतोस?" घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसलो. आता सगळे झोपलेत. चहा केलाय आणि तुझा हिशेब चुकता करायला बसलोय.

मुळात ही ब्लूजची सीडी आणलीस तूच. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, तुझ्या भाषेत रडगाणं. मी सांगितला होता ब्लूजचा बडा गायक-गिटारवाला बी. बी. किंग, तू उचललास दुसराच गायक, बॉबी 'ब्लू' ब्लँड. वर म्हणालास, "दोन्हींत बी आहे की." गंमत म्हणजे सुरुवातीला हा ब्लँड मेम्फिसला किंगच्याच गाडीवर ड्रायव्हर होता. म्हणजे शेटजींना बोलावलं आणि ड्रायव्हर आला. तो आजतागायत गेलेला नाही.

तर पहिली गोष्ट: तो रडत नाही. 'टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज' हा त्याचा आल्बम १९६१ साली निघाला, तू राहतोस त्याच ह्यूस्टनमधून, ड्यूक रेकॉर्ड्सकडून. बारा गाणी, बहुतेक अडीच-तीन मिनिटांची. आल्बमच्याच नावाचं गाणं ऐक. त्याची प्रेयसी अजून गेलेली नाही. गेलीस तर माझं काय होईल एवढंच तो सांगतोय. दुःख दोन पावलांवर आहे आणि हा उंबरठ्याच्या अलीकडे, कपड्यांची इस्त्रीसुद्धा न मोडता उभा आहे. आपण ऐकत बसतो ते, हा आता पाऊल टाकतो की मग टाकतो, याच धास्तीनं.

'आय पिटी द फूल' घे. त्या वर्षी तिकडच्या आर अँड बी, म्हणजे काळ्या लोकांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं होतं. सुरुवातीला वाटतं, त्या बाईच्या नादी लागणाऱ्या कुठल्या तरी मूर्खाची हा कीव करतोय. आवाज शांत, जवळजवळ वडीलधारा. मग ट्रम्पेट-सॅक्सोफोनची फळी उठते, आणि हा एकदम जमलेल्या लोकांकडे बोट दाखवतो. ते कशाला उभे आहेत? तू माझं हसं कसं करतेस ते बघायला. झालं! तो मूर्ख कोण ते चव्हाट्यावर आलं. तीन मिनिटांत माणूस असा सोलून निघालेला मी दुसरीकडे ऐकला नाही.

आणि मग ती त्याची आरोळी. आरोळी तरी कसं म्हणू? तोंडात पाणी धरून गुळणी करताना कुणी अचानक वर्मावर बोट ठेवलं तर घशातून जे निघेल, ते. त्याचा जुना उंच आवाज गेला होता, म्हणून काही तरी नवं हवं होतं. ते त्यानं उचललं डेट्रॉइटच्या रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांच्याकडून. गायिका अरीथा फ्रँकलिनचे वडील. त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघत, आपल्याकडे एसटी स्टँडवर कीर्तनाच्या कॅसेटी मिळायच्या तशा. गरुडिणीवरचं त्यांचं एक प्रवचन यानं ऐकून ऐकून घोटलं. चर्चमध्ये देवासाठी फोडलेला टाहो यानं बाईसाठी वापरला. 'लिटल बॉय ब्लू' शेवटपर्यंत ऐक, कळेल. पण वापरतो कसा, तर जेवणात मिरचीचा ठेचा वाढावा तसा. ताटाच्या कोपऱ्यात, एवढासा.

हा ताबा त्याच्या अंगी आणला जो स्कॉटनं. ट्रम्पेटवाला, बँडचा म्होरक्या. वाद्यांची सगळी मांडणी त्याची. ब्लँडला धड लिहिता-वाचता येत नव्हतं, वाद्यही वाजवत नव्हता. स्कॉट त्याला गाणं ओळी-ओळीनं शिकवायचा. कुठे थांबायचं, कुठला शब्द ओढायचा. आपण ज्याला गुरुमुखी विद्या म्हणतो ती हीच. कागद मधे नाही, म्हणून शब्द नुकताच सुचल्यासारखा येतो.

त्याच निरक्षरतेचा दुसऱ्यानं फायदाही घेतला. कंपनीचा मालक डॉन रोबी. ब्लँड लष्करातून परतला तेव्हा रोबीनं करार पुढे केला, यानं न वाचता सही केली. इतर कंपन्या तबकडीमागे दोन सेंट देत, याला अर्धा. आणि अनेक गाण्यांखाली कवी म्हणून 'डेड्रिक मालोन' दिसेल ना, तो माणूसच नाही! रोबीचंच टोपणनाव. गरजू गीतकारांकडून गाणी किरकोळ पैशांत विकत घ्यायची आणि या नावावर चढवायची. सोन्यासारखा कान आणि सावकाराची वही, एकाच माणसाकडे.

सगळीच गाणी थोर नाहीत. 'आय डोन्ट वॉन्ट नो वुमन' लागलं की मी साखर आणायला उठतो. पण 'आय विल टेक केअर ऑफ यू'ला हलत नाही. ब्रुक बेंटनचं गाणं, मागे दबक्या आवाजात ऑर्गन. शब्द सगळे धीराचे: तुझं दुखलंय, मी सांभाळीन. आवाज मात्र असा, की सांभाळायची गरज यालाच जास्त आहे. आई आजारी होती तेव्हा अण्णा तिच्या उशाशी बसून "मी आहे ना" म्हणायचे, आठवतं? तू होतास एकदा. पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावताना निम्मं पाणी चादरीवर सांडायचं. तो "मी आहे ना" मला या गाण्यात सापडला, आणि तेही अण्णा गेल्यावर.

ब्लँड २०१३ च्या जूनमध्ये गेला, त्र्याऐंशीचा होऊन.

आता एक काम. ड्यूकचं ऑफिस फिफ्थ वॉर्डमध्ये होतं, २८०९, इरॅस्टस स्ट्रीट. एखाद्या रविवारी गाडी काढ आणि त्या रस्त्यावरून एक चक्कर मार. जाताना गाडीत हेच लाव. वहिनी कटकट करतील, त्यांना म्हणावं, सुध्यानं सांगितलंय. आणि परत आलास की फोन कर. पण इथे रात्र असेल असा कर, पाहुणे नसतील.

तुझा,
सुध्या

ता. क. बी. बी. किंग अजून येणं आहे.