छपराला भोक पाडू नकोस

अनगोळ, बेळगाव
पौष शुद्ध पंचमी

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास, "दोन सोलर पॅनेल आणलीत, रविवारी ट्रेलरच्या छपराला भोक पाडून नवी वायर खाली घेतो." दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, नीट बोलता आलं नाही. म्हणून सगळं लिहूनच काढतोय. हे वाचून होईपर्यंत ड्रिलला हात लावू नकोस.

आपले दोन्ही मुक्कामाचे ट्रेलर एकाच शेडमध्ये, एकाच आठवड्यात तयार झाले. शेडवाल्यांनी १०० वॅटचं एक पॅनेल वर बसवून दिलं आणि त्याची वायर भिंतीच्या आतून बॅटरीच्या पेटीपर्यंत आणून सोडली. तीच वायर तुला पुरणार आहे. छप्पर फोडायचं कारणच नाही. फक्त त्या वायरीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. का ते सांगतो.

मार्गशीर्ष पौर्णिमेला आम्ही सौंदत्तीला गेलो होतो, ते तुला ठाऊक आहे. यल्लम्माच्या डोंगरावर तीन रात्री मुक्काम होता. तिसऱ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, फ्रीजची घरघर बंद पडली आणि मला जाग आली. दिवा लावायला गेलो तर तोही मिणमिणता. फ्रीजमध्ये तुझ्या वहिनीचं इन्सुलिन, न उघडलेल्या चार बाटल्या. २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध ते. थंडीचे दिवस होते म्हणून निभावलं. उजाडल्यावर खाली गावात जाऊन बर्फ आणला, बाटल्या गोठू नयेत म्हणून मध्ये टॉवेल घातला आणि दर्शन अर्धवट टाकून घरी परतलो. ती काही बोलली नाही. पण वाटेत सारखी डब्याचं झाकण उघडून हात लावून बघत होती. ते मला बघवेना.

घरी येऊन हिशेब मांडला. फ्रीज दिवसाला साधारण ५०० वॅट-तास खातो. पंखा, दिवे, सगळ्यांचे मोबाईल धरले की ७०० होतात. छपरावर आडवं पडलेलं १०० वॅटचं पॅनेल या दिवसांत ३५० देतं. आपली ट्युब्युलर बॅटरी १५० अँपिअर-तासांची, म्हणजे १८०० वॅट-तास. निम्म्याच्या खाली ती उतरवायची नसते, मग हाताशी राहतात ९००. रोज ३५०ची तूट पडल्यावर तिसऱ्या रात्री काय होणार, हे निघायच्या आधीच कळायला हवं होतं. तीन पॅनेल असती तर रोज गरजेपेक्षा थोडं जास्तच मिळालं असतं.

म्हणून तुझ्यासारखीच मीही दोन पॅनेल आणली. भाच्याला उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलं. बॅटरीच्या पेटीतली वायर बघितली तर वरची छपाई पुसून गेलेली. भाच्यानं टोक सोलून तारा मोजायला घेतल्या. म्हणाला, "मामा, छप्पन्न भरल्या." सोलरच्या ४ चौरस मिलिमीटर वायरीत ०.३ मिलिमीटरच्या ५६ तारा असतात आणि ६ च्या वायरीत ८४. म्हणजे आपली वायर ४ ची. अमेरिकेत ट्रेलरला सोलरची वायर आधीच टाकून ठेवायची सोय सर्रास असते, तिथं बहुधा दहा गेजची वायर टाकतात, ती सव्वापाच चौरस मिलिमीटर भरते. आपली त्याहून बारीक आहे एवढं लक्षात ठेव.

आता खरी गोष्ट. जुना कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बेतानं बॅटरीत भरणारा डबा, सोडवला आणि मीटरची लाल पिन लाल वायरीला, काळी काळीला लावली. ऊन चांगलं होतं. मीटरवर आकडा आला २१.३, पण त्याच्या आधी उणे चिन्ह! पिना काढून पुन्हा लावल्या, पुन्हा उणेच. वर चढून पॅनेलखालची डबी उघडली, तेव्हा कळलं. बसवणाऱ्यानं वर लाल-काळी उलट जोडली होती आणि खाली कंट्रोलरलाही उलटच जोडून काम भागवलं होतं. चालत होतं म्हणून कुणाला पत्ता नाही. मी रंग बघून नवा कंट्रोलर जोडला असता तर तो तिथंच जाऊ शकला असता. तुझी गाडीही त्याच हातांनी जोडलेली आहे, सदा. आधी मीटर लाव, मगच काय ते कर.

दुसरी चूक त्याहून वाईट. कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामध्ये फ्यूजच नव्हता. त्या बॅटरीचा प्लस कुठं बॉडीला घासला तर शेकडो अँपिअर वाहतात, वायर लाल होऊन पेटते. आणि त्याच पेटीच्या वरच्या फळीवर आमची नातवंडं झोपतात. अशा कामाचे पूर्ण पैसे घेतले त्यांनी. मला अजून राग येतो.

आता जोडणीचं. तू तिन्ही पॅनेल समांतर, म्हणजे सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र, जोडणार म्हणालास. तसं केलंस तर १८ व्होल्टला १७ अँपिअर त्या बारीक वायरीतून खाली येणार. जायची-यायची मिळून १६ मीटर वायर धर. सव्वा व्होल्टहून जास्त वाटेतच पडतो आणि वीस-बावीस वॅट नुसते भिंतीत तापतात. शिवाय त्यांनी दिलेला कंट्रोलर १० अँपिअरचा आहे, तो हे झेलणार नाही. तीच पॅनेल सिरीजमध्ये जोड, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला. व्होल्ट ५४ होतात, करंट राहतो साडेपाच-पावणेसहा. करंट एक तृतीयांश झाला की वायरीतलं नुकसान एक नवमांशावर येतं, म्हणजे अडीच वॅट. त्याच वायरीवर तिप्पट पॅनेल चालतात ते असं.

त्यासाठी कंट्रोलर मात्र एमपीपीटी हवा, म्हणजे जास्तीचे व्होल्ट उतरवून त्याबदल्यात बॅटरीला जास्त करंट देणारा. मी १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा घेतला. लोड नसताना तीन पॅनेलचे ६५-६७ व्होल्ट होतात, थंडीच्या सकाळी आणखी दोन-तीन वाढतात, तरी १००च्या आत राहतात. नवी पॅनेल जुन्याच्याच अँपिअरची आहेत ना, ते मागच्या पट्टीवर वाचून घे. सिरीजमध्ये सगळ्यात कमी करंटचं पॅनेल बाकीच्यांनाही मागं ओढतं. कंट्रोलर बॅटरीच्या अगदी जवळ बसव, कारण तिथून पुढं १२ व्होल्टवर २२ अँपिअरपर्यंत वाहणार. तेवढ्या हातभर अंतराला १० चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीच्या प्लसशीच ३० अँपिअरचा फ्यूज. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल.

काम करताना पॅनेलवर घोंगडं टाक. उन्हात ती बंद करायचं बटण नसतं आणि डीसीची ठिणगी घरातल्या करंटसारखी झटकन विझत नाही. पॅनेल छपराला चिकटवू नकोस, बोटभर तरी फट ठेव. उन्हाळ्यात पॅनेल ६० अंशांवर जातं आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्का वीज घटते. खालून वारा खेळला की तेवढंच भलं. स्क्रू जातील तिथं ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, आणि छपराचं सीलंट. सिलिकॉन नको, ते एकदा लागलं की त्यावर पुढं काही धरत नाही. तू पावसाळ्यात जांबोटीकडे गाडी नेणारा माणूस, एक स्क्रू गळला तर प्लायवूड कुजलंच म्हणून समज. आणि तिथं फणसाखाली गाडी लावायची सवय आता सोडावी लागेल. एका पॅनेलवर सावली आली की तिसरा हिस्सा गेला.

गेल्या आठवड्यात अंगणातच ट्रेलर उभा करून चार दिवस फ्रीज चालवला. गळीत हंगाम आहे, उसाच्या गाड्यांची धूळ पॅनेलवर बसते, ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसली. चौथ्या दिवशी पहाटे बॅटरी १२.५ व्होल्टवर होती. तुझ्या वहिनीला मीटर दाखवला. तिनं आकडा वाचला आणि विचारलं, "मग माघ पौर्णिमेला मायक्काच्या चिंचलीला जायचं?"

तेव्हा असं कर. रविवारी निपाणीहून गाडी घेऊन सरळ इकडेच ये. पॅनेल, क्लॅम्प आणि तुझा तो ॲल्युमिनियमचा जिना आण. फ्यूज, वायर, टेप माझ्याकडे आहे. सकाळी नऊला सुरू केलं तर दुपारपर्यंत उरकेल. वहिनींनाही घेऊन ये, जेवण इथंच. आणि निघण्याआधी, आजच्या आज, बॅटरीच्या पेटीत फ्यूज आहे का तेवढं बघ. नसेल तर बॅटरीचा प्लस सोडूनच गाडी आण.

तुझा,
दत्ता