बेसांव आणि वाटणी

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मागची काजूची जमीन कोणाची, ते मी असेपर्यंत ठरवून टाका. माझ्याकडे तुम्हांला द्यायला दुसरं आहे काय?" तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, पण आवाज फुटेना. म्हणून लिहिते आहे.

आधी वाटणीचं. ते त्या मानाने सोपं आहे. घर आणि जमीन तुम्हां दोघांची निम्मी-निम्मी. तुमच्या प्रत्येकाच्या निम्म्यातला अर्धा भाग आम्हां मुलांचा, त्यात मुलगा-मुलगी सारखीच. मृत्युपत्र करायचं ते उरलेल्याचंच. १८६७च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेली ही रीत २०१२च्या गोव्याच्या कायद्यानेही ठेवली आहे. आणि बाबा, मी माझा वाटा सोडणार नाही. काकी म्हणाली होती, "तू एवढी देवाची, तुला जमीन कशाला?" मला ते मुळीच पटलं नाही. आईने पाटल्या मोडून माझी नर्सिंगची फी भरली. त्या पैशाला कमी प्रतीचं मी कसं म्हणू?

पण मे महिन्यात खुरसाकडे, आपल्या क्रुसापाशी, लादाईनची गायली जाणारी प्रार्थना झाली, त्या संध्याकाळचं मनातून जात नाही. मेणबत्त्या अजून विझल्या नव्हत्या. हातात उकडलेले चणे होते आणि दादा नि मी विहिरीकडच्या बांधावरून भांडत होतो. "तू पुण्याला जाऊन बसलीस, इथे म्हाताऱ्यांचं मी बघतो," तो म्हणाला. त्यात खोटं काय होतं? मी मात्र त्याला नको ते बोलले. तुम्ही पायरीवर बसून सगळं ऐकत होतात. त्या रात्री तेर्स, म्हणजे घरातली जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर आम्ही दोघंही बेसांव, तुमचा आशीर्वाद, न घेता झोपायला गेलो. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

लहानपणी तेर्स संपली की आम्ही ओळीने पुढे यायचो. आधी दादा, मग मी. बाबांच्या हाताला खोबरेल तेलाचा वास यायचा, आईचा हात बहुतेक ओला असायचा, स्वयंपाकघरातून तशीच पदराला पुसत आलेली. तेर्स कोंकणीत आणि पत्रं मराठीत, ही आजोबा मास्तरांपासूनची आपल्या घरची रीत. बेसांव मात्र डोक्यावरच्या हाताचा. त्याला भाषा लागायची नाही.

हल्ली मी बायबलच्या उत्पत्तीतली एसावाची गोष्ट पुन्हा वाचते. मसुरीच्या आमटीसाठी त्याने थोरलेपणाचा हक्क विकला, तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. पण आंधळ्या बापाचा, इसहाकाचा, आशीर्वाद धाकटा भाऊ याकोब घेऊन गेला हे कळल्यावर तो हंबरडा फोडून रडला. "बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद आहे का?" असं त्याने इसहाकाला विचारलं. मी एसावाला नेहमी उतावळा समजत आले होते. आता त्याच्या त्या प्रश्नापाशी मी थांबते. जमिनीचे दोन तुकडे केले की प्रत्येकाला निम्मीच मिळते. तुमचा बेसांव दादाला दिलात म्हणून माझा कधी कमी झाला नाही, आणि त्या रात्री मी तो घेतलाच नाही. वकिलाच्या कुठल्याही कागदाने तो मला मिळणार नव्हता. मला उठून तुमच्यापुढे यायला हवं होतं.

मी सर्व संतांच्या सणाला, १ नोव्हेंबरला येते. दोन तारखेला आजोबा-आजीच्या कबरीवर मेणबत्त्या लावू, मग वकिलाकडे जाऊ. दादाशी काल बोलले, माफी मागितली. विहिरीकडचा भाग त्यालाच राहू दे, शिंपणं तोच करतो. माझा हिस्सा वरच्या अंगाला धरा. देवघरातलं ओरातोर, आपली घरची वेदी, वाटणीच्या यादीत घालू नका. ते जिथे रोज तेर्स होते तिथेच राहू दे, म्हणजे दादाकडे.

फक्त वकिलाकडे जायच्या आदल्या रात्री आम्हां दोघांना बोलवा. आधी दादा, मग मी. आईचे हात ओले असले तरी पुसायला सांगू नका.

तुमची,
लेक