मेळघाटातला निधी घरभेटींसाठीही ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या येतात, मंत्र्यांचे दौरे होतात, नव्या इमारती जाहीर होतात. धारणी तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. इमारती हव्यातच, पण आधी पैसा गावातल्याच, कोरकू बोलणाऱ्या बाईसाठी ठेवा, एवढं सांगायला हे पत्र.

एक रात्र मी विसरलेले नाही. आठ दिवसांचं बाळ, पोट टम्म फुगलेलं, रडायचंही त्राण नाही. आजीने डंबा द्यायला विळा चुलीत तापत ठेवला होता. पोटावर चटका दिला की दुखणं जातं, ही तिकडची जुनी समजूत. मी दोनदा मराठीत समजावलं. आजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमची आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि कोरकूत हळूहळू बोलत राहिली. बऱ्याच वेळाने आजीने स्वतःच विळा ओढून कोपऱ्यात ठेवला. बाळाला आईच्या छातीशी बांधून आम्ही दवाखान्यात नेलं. ते बाळ वाचलं.

२०११ मध्ये नवजात बाळांच्या घरभेटी आशांकडे आल्या, तेव्हा बाळामागे २५० रुपये ठरले. ४२ दिवसांत सहा-सात भेटी, प्रत्येक वेळी वजन, ताप, श्वास पाहायचा, आईला अंगावर पाजायला शिकवायचं, हे सगळं त्यात आलं. माझ्या भागातल्या आशांचे तेवढेही पैसे तीन-तीन महिने थकायचे. अशाने कोण किती दिवस डोंगर चढेल?

आणि ही पद्धत काही परक्यांची नाही, आपल्या गडचिरोलीतली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना हे काम शिकवलं. शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात दर हजार आदिवासी मुलांपैकी ५७.२ पाच वर्षांच्या आत दगावत होती. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी सोडून इतरांत ३८.५. ही तफावत पाहून जीव तुटतो, कारण ती कशी कमी करायची हे आपल्याला ठाऊक आहे.

राज्य सरकारला विनंती आहे की आदिवासी उपयोजनेत घरभेटींसाठी वेगळी तरतूद करावी, मानधन वाढवावं आणि महिन्याच्या महिन्याला द्यावं. पेशंटबरोबर रात्री गेलेल्या आशेला परतीची गाडीही मिळावी. त्या रात्री बाळ भरती झाल्यावर आमची आशाताई उजाडल्यावर पायी गावाला गेली होती.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, धारणी (जि. अमरावती)